पान त्रेचाळीसपासून

कोथरूड, पुणे
सोमवार, ४ ऑगस्ट २००३

सिराजभाई,

मायना काय लिहावा यावरच दहा मिनिटं गेली. ‘आदरणीय’ लिहिलं तर तुम्ही म्हणाल, आता बरा आदर आठवला. ‘सप्रेम नमस्कार’ लिहायचं तोंड नाही. म्हणून नुसतं नाव लिहिलंय, तेवढं चालवून घ्या.

मी दीपमाला. सदाशिव पेठेतल्या सुलेख डीटीपीत तुमच्या डाव्या हाताच्या कॉम्प्युटरवर बसायची ती. लग्नानंतर आडनाव बदललं, अक्षर तेवढंच वाईट राहिलंय. ते बघून तुम्ही म्हणायचात, ताई, तुम्ही आपलं टाइपच करत जा.

पत्ता कुठून मिळाला, असा प्रश्न पडला असेल. तुमच्या अर्जातून. औंधच्या ज्या कंपनीत तुम्ही अर्ज केलात, तिथेच मी चार वर्षं नोकरीला आहे. माझं काम म्हणजे परदेशातल्या लोकांच्या ईमेलना उत्तरं देणं. कुणी नव्या व्हर्जनमध्ये पुस्तक लावतो, छापणाऱ्याकडे जुनं व्हर्जन असतं, जुन्यासाठी सेव्ह करायला जावं तर फाइल तरी उघडत नाही, नाहीतर चित्रं पळतात, मजकूर सरकतो. दिवसाला अशी चाळीसेक गाऱ्हाणी. सुलेखमध्ये आपण जे करत होतो तेच, फक्त इथे खोलीत एसी आहे आणि कुणी ओरडलं तर इंग्रजीत ओरडतं.

आता कंपनी भारतीय भाषांचा विभाग काढते आहे. मराठी-हिंदी प्रकाशकांच्या जुन्या फाइली नव्यात आणायच्या, नव्या जुन्यात न्यायच्या. त्याच्या प्रमुखाच्या जागेसाठी एकवीस जणांची परीक्षा झाली आणि तुम्ही पहिले आलात. मला आश्चर्य वाटलं नाही. आळंदी रोडला झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान चालवता असं अर्जात वाचलं, त्याचं मात्र वाईट वाटलं.

तुमच्याबद्दल मी इथे चांगलंच सांगितलं आहे. एक मात्र सुचवते, राग मानू नका. सुलेख का सोडलं, असं मुलाखतीत नक्की विचारतील. आईचं आजारपण होतं म्हणून सोडलं, असं सांगून मोकळे व्हा. ते काही अगदी खोटं नाही, तेव्हा त्यांचं ऑपरेशन झालंच होतं. वधूवर सूचीचं ते प्रकरण सहा वर्षांपूर्वीचं. ते उगाळून कुणाचं भलं व्हायचंय? त्या दिवशी मला तर ताप होता, नीटसं काही आठवतही नाही.

घरी सगळ्यांना नमस्कार. तुमची छोटी मिसबा आता शाळेत जात असेल.

दीपमाला

*

कोथरूड
शनिवार, ९ ऑगस्ट २००३

सिराजभाई,

तुमचं कार्ड मिळालं. इतकं छोटं उत्तर मला अजून कुणी दिलं नसेल. ‘दीपमालाताई, कारण अर्जात लिहिलं आहे. अम्मीचं ऑपरेशन चांगलं झालं होतं, तिच्या नावावर खोटं घालणार नाही.’ खाली सही. बास.

मी अर्ज पुन्हा काढून वाचला. खरं सांगायचं तर पहिल्या वेळी त्या रकान्यापर्यंत मी गेलेच नव्हते, म्हणजे मुद्दामच गेले नव्हते. ‘काम सोडण्याचे कारण : माझ्या नावाने छापलेल्या पुस्तकात चूक झाली म्हणून कमी केले. ती फाइल मी सेव्ह केली नव्हती.’ ओळ तिथे संपते. कुणी केली होती, हे पुढे लिहिलेलं नाही. मी कागद उलटून मागची बाजूसुद्धा पाहिली.

मागच्या पत्रात मी एक थाप मारली. तुमच्याबद्दल मी चांगलं सांगितलेलं नाही. आमच्या एचआरमध्ये उत्कर्षा म्हणून मुलगी आहे, माझ्याहून पाच वर्षांनी लहान आणि माझ्या पगाराचा फॉर्म तिच्या हातात. एक तारखेला तिने मला बोलावलं. म्हणाली, “दीपमाला, तू त्याच शॉपमध्ये होतीस ना? कॅन्डिडेट टॉपचा आहे, पण जुन्या मालकाचा रेफरन्स एकदम वीअर्ड आलाय. ॲक्च्युअली झालं काय होतं?” दत्तप्रसादकाकांचं पत्र तिच्या टेबलावरच होतं. काकांनी लिहिलं होतं, कामात हेतुपुरस्सर गैरप्रकार केल्यामुळे कमी केले. त्यांचं ते वळणदार अक्षर, खाली सुलेखचा शिक्का.

आणि मी काय म्हणाले असेन? म्हणाले, “ओळख होती, जुजबी. मला तितकंसं माहीत नाही.”

जुजबी. तीन वर्षं तुम्ही मला शिकवलंत. माउस कसा धरायचा इथपासून. तुमचे वडील छापखान्यात शिशाचे खिळे जुळवायचे, तुम्हीही खिळ्यांवरून कॉम्प्युटरवर आलात, त्यामुळे पान कागदावर कसं उतरणार हे तुम्हाला स्क्रीनवर बघूनच कळायचं. मला कळायचं नाही, म्हणून तुम्ही मला एक नियम घालून दिला होता. जुन्या व्हर्जनमध्ये सेव्ह केलं की फाइल बंद करायची, जुन्यातच उघडायची, प्रिंट काढायची, नव्याच्या प्रिंटशेजारी ठेवायची आणि पान पान बोट लावून बघायचं. त्याशिवाय छपाईची फिल्म काढायला पाठवायची नाही.

तो नियम मी आज रोज चाळीस लोकांना इंग्रजीत पाठवते. त्यावर मी कंपनीसाठी बारा पानांची मार्गदर्शिका लिहिली, गेल्या दिवाळीत मला त्याचं बक्षीस मिळालं. भाषणात मी म्हणाले, हे मी अनुभवातून शिकले. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी ट्रॉफी घरी आणून शोकेसमध्ये ठेवली.

तापाचंही खोटं होतं. त्या दिवशी मला ताप नव्हता. पुढचं आज लिहवत नाही. माझ्याकडून थोडं उशिरा का होईना, पण येईल.

दीपमाला

*

कोथरूड
बुधवार, १३ ऑगस्ट २००३

सिराजभाई,

आज डबा खाताना लिहायला घेतलंय आणि आज संपवणारच आहे. तुम्हाला यातलं बरंच माहीत आहे, तरी मी पहिल्यापासून लिहिते. माझ्या हाताने लिहिलेलं तुमच्याकडे असावं.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर १९९७. रावसाहेबांच्या वधूवर मंडळाची सूची रविवारच्या मेळाव्यात प्रकाशित व्हायची होती. तुम्ही पूर्ण पुस्तक लावून ठेवलं होतं, प्रूफं मंडळाने तपासून सह्या केल्या होत्या. फिल्मवाल्यांकडे जुनं व्हर्जन, आपल्याकडे नवं. तेवढं जुन्यात सेव्ह करून फ्लॉपी द्यायची राहिली होती. तुमच्या अम्मींचं ऑपरेशन त्याच दिवशी होतं. गुरुवारी संध्याकाळी जाताना तुम्ही म्हणालात, “शनिवारी सकाळी मी येतो आणि करतो, तुम्ही घाई करू नका. अगदीच मागायला आले तर ही चिठ्ठी बघा, आणि प्रिंट काढल्याशिवाय देऊ नका.” चिठ्ठीवर विभागांची पानं होती. आधी ‘प्रथम विवाह’, त्यात वर आणि मग वधू, आणि शेवटी ‘पुनर्विवाह : पान ४३ पासून’.

घाई फिल्मवाल्यांना नव्हती. मला होती. त्या संध्याकाळी पाच वाजता मला बघायला येणार होते. आईने बजावलं होतं, तीनला घरी ये, केस धुऊन घे, कॉम्प्युटरपुढे बसून तुझे डोळे सुजल्यासारखे दिसतात. आणि मला वाटलं, शनिवारी पसंती कळेल, मग कसली कामावर येते मी, आजच उरकून टाकू. तुमच्यावर उपकार केल्याचीही थोडी घमेंड होती.

सेव्ह करताना कॉम्प्युटरने पाटी दाखवली, काही गोष्टी या व्हर्जनमध्ये जाणार नाहीत, पुढे जाऊ का. मी वाचलीसुद्धा नाही, ओके केलं. मग जुन्यात उघडून पाहिलं तर पानांच्या माथ्यावरची सगळी शीर्षकं गेलेली. नव्यात प्रत्येक विभागाचं शीर्षक आपोआप यायचं, जुन्याला एका फाइलीत एकच कळायचं. तिथे मी थांबायला हवं होतं. मी तुमची चिठ्ठी पुढे घेतली आणि शीर्षकं हाताने चिकटवत सुटले. त्रेचाळिसाव्या पानापासून ‘पुनर्विवाह’.

तुमचा आकडा बरोबर होता. पण तुम्ही पानं मोजली होती पहिल्या वधूवरापासून, आणि जुन्या व्हर्जनने मुखपृष्ठ, मनोगत, नियमावली अशी सुरुवातीची चार पानंही मोजणीत धरली होती. तुमचं त्रेचाळीस तिथे सत्तेचाळीसवर गेलं होतं. मधली चार पानं पहिल्यांदा लग्न करणाऱ्या मुलींची. पानावर चार, म्हणजे सोळा मुली. एका प्रिंटमध्ये दिसलं असतं. प्रिंट काढायला चाळीस मिनिटं लागली असती आणि पावणेतीन वाजले होते.

मी फ्लॉपी दिली आणि रिक्षा केली.

पुनर्विवाहाच्या यादीत नाव असण्यात लाज कसली, असं आज मी कुणालाही सुनावीन. तेव्हा लोणी काळभोरहून ते सर्जेराव आले, एसटीतून निवृत्त झालेले, हातात सूची, बोट पानात घातलेलं, तेव्हा मला ते सुचलं नाही. त्यांच्या हेमाचं सोलापूरला जवळजवळ जमलं होतं. मुलाकडच्यांच्या हाती पुस्तक पडलं आणि त्यांनी निरोप पाठवला, पहिलं झालेलं आमच्यापासून लपवलंत, आता बोलणं नको. सर्जेराव दारातच उभे राहून म्हणाले, “माझी पोरगी एकदा तर उजवू द्या, मंग दुसऱ्यांदाचं छापा.” आवाज चढवला नाही त्यांनी. ओरडले असते तर बरं झालं असतं.

ओरडायला रावसाहेब होतेच. त्यांनी शेवटचं पान उघडून काकांच्या टेबलावर आपटलं. ‘अक्षरजुळणी : सिराज’. काका ज्याने पान लावलं त्याचं नाव छापायचे, सुलेखची ती पद्धतच होती आणि तुम्हाला त्याचा अभिमान होता. रावसाहेब म्हणाले, “हे चुकून होतं होय? आमच्याच मुली बऱ्या सापडल्या. आता नाव वाचलं आणि कळलं.” त्यांना काय कळलं ते दुकानातल्या प्रत्येकाला कळलं. काका खाली बघत पेनाचं टोपण काढत-घालत बसले.

तुम्ही माझ्याकडे वळलात. रागावलाही नव्हतात. म्हणालात, “दीपमालाताई, जुन्यात सेव्ह केल्यावर प्रिंट काढून बघितली होती ना?”

मी म्हणाले, “मी त्या फाइलला हात लावला नाही. तुम्हीच गुरुवारी सेव्ह करून गेला होतात.”

मी गप्प बसले असं मी सहा वर्षं मनाशी म्हणत आले. मी गप्प बसले नव्हते. स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले होते.

तुम्ही म्हणालात, फ्लॉपी आणा, फाइलवर तारीख असते, शुक्रवारची निघाली तर समजेल. काकांनी फ्लॉपी लावली. कोरी निघाली. रावसाहेब म्हणाले, “बघा, पुरावाही पुसला.”

ती मी पुसली होती. तक्रार येणार हे आदल्या दिवशी फोनवरून कळलं होतं. फ्लॉपी परत आली होती, तुम्ही जेवायला गेला होतात. माझ्या मशिनवरची फाइलही काढून टाकली. नव्या व्हर्जनमधली तुमची फाइल बिनचूक होती, ती तशीच राहू दिली, म्हणजे संशय सेव्ह करणाऱ्यावर यावा आणि सेव्ह करणारे तुम्ही ठरावेत. इतका विचार मी केला होता.

का, ते सांगते. शुक्रवारी मला पसंत केलं होतं. माझे सासरे रावसाहेबांच्या मंडळाचे खजिनदार. साखरपुड्याची तारीख धरली होती. मंडळातल्या सोळा मुलींच्या बापांना कळलं असतं की हे हिने केलं, तर माझं लग्न त्याच दिवशी मोडलं असतं. हेमाचं मोडलं, माझं झालं. तुम्ही संध्याकाळी ड्रॉवर रिकामा केलात, चष्म्याचं घर, टाचण्यांची डबी आणि पट्टी पिशवीत घातलीत. जाताना कुणाकडे बघितलं नाहीत. पुढच्या आठवड्यात नारायण पेठेपर्यंत सगळ्या छापखान्यांत तुमचं नाव झालेलं होतं.

परवा, अकरा तारखेला, उत्कर्षाने मला पुन्हा विचारलं. “शुअर ना, तुला काहीच माहीत नाही? मॅनेजमेंटला तोच हवाय, पण या पत्रामुळे अडलंय.” मी म्हणाले, आठवून सांगते. हे तुम्हाला पत्रं लिहायला लागल्यानंतरचं, बरं का. असली बाई आहे मी.

उद्या सकाळी तिला सगळं सांगणार आहे.

दीपमाला

*

कोथरूड
मंगळवार, १९ ऑगस्ट २००३

सिराजभाई,

तुम्हाला कंपनीचं पत्र येईल. त्याआधी माझं पोचावं म्हणून हे.

गुरुवारी चौदा तारखेला मी अकरा वाजता उत्कर्षाच्या केबिनपाशी गेले होते. आत मीटिंग चालली होती. काचेतून तिने हाताने दहा मिनिटं अशी खूण केली. मी दहा मिनिटं थांबले. मग आणखी पाच. मग मला इतकं हायसं वाटलं की काय सांगू. आज जमत नाही म्हणजे आपला इलाज नाही, असं म्हणून जागेवर आले आणि कामाला लागले. पुन्हा उठले नाही. शुक्रवारी पंधरा ऑगस्ट, शनिवार-रविवार सुट्टी. तीन दिवस मी घर आवरलं. शोकेस पुसली.

काल सोमवारी गेले. सगळं सांगितलं. चिठ्ठी, चार पानं, फ्लॉपी, मी काय बोलले ते. मला वाटलं होतं, ती मला नोकरीवरून काढेल, निदान तोंडावर बोलेल. तिने पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, “अगं, मी तुला दोनदा विचारलं. गुरुवारी त्यावरच मीटिंग होती. निगेटिव्ह रेफरन्स, त्याला कुणाचा दुजोरा नाही, नकार नाही. म्हणून दुसऱ्या नंबरच्याला ऑफर दिली. त्याने सहीसुद्धा केली.”

मी म्हणाले, मी तिथे बाहेर उभी होते.

ती म्हणाली, “मला वाटलं रजेचं काहीतरी आहे.”

सिराजभाई, ती मीटिंग तुमच्याबद्दल होती आणि मी काचेच्या बाहेर होते. दार ढकललं असतं तर झालं असतं. तुमची नोकरी माझ्यामुळे दुसऱ्यांदा गेली आहे. पहिल्यांदा भीतीने खोटं बोलले आणि या वेळी खरं बोलायला निघून दारात उभी राहिले, कारण कुणीतरी दहा मिनिटं थांब म्हणालं.

उत्कर्षाने मला सगळं लेखी द्यायला सांगितलं. म्हणाली, पुढे जागा निघाली तर फाइलला असेल. निघेल की नाही, ते तिला माहीत नाही, तुम्हाला उगाच आशा लावत नाही. माझ्यावर काय करायचं ते वरचे ठरवतील. वर्षअखेरीला मला टीम लीड करणार होते, ते आता नाही. हे मी दया यावी म्हणून लिहीत नाही, त्या जागेवर तसाही माझा हक्क काय होता.

त्याच जबाबाच्या तीन प्रती काढल्या. एक दत्तप्रसादकाकांना दिली. ते म्हणाले, आता कशाला, दुकानही बंद करायला आलोय. मी म्हणाले, तुम्ही ज्या कंपनीला पत्र लिहिलंत तिला आजच दुसरं लिहा. त्यांनी लिहिलं, माझ्यासमोर. दुसरी प्रत रावसाहेबांच्या मंडळात नेऊन दिली, पोच घेतली. तिसरी सोबत जोडली आहे.

घरी ह्यांना सांगितलं. ते बराच वेळ जेवत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे आपलं लग्न त्या माणसाच्या नोकरीवर झालं म्हणायचं.” ताट उचलून मोरीत ठेवलं आणि तेव्हापासून कामापुरतंच बोलतात. ट्रॉफी मी माळ्यावर टाकली. शोकेसची ती जागा रिकामी दिसते, पाहुणे आले की विचारतील.

दीपमाला

*

कोथरूड
शनिवार, २३ ऑगस्ट २००३

सिराजभाई,

आज लोणी काळभोरला जाऊन आले. हडपसरला बस बदलावी लागते. पत्ता मंडळाच्या जुन्या सूचीतूनच घेतला, तुम्ही लावलेल्या पानावरून.

सर्जेराव ओसरीवर बसले होते. थकलेत. मी कोण, कशाला आले ते उभ्या उभ्याच सांगितलं, कारण बसले असते तर पुन्हा चहापाणी, गप्पा, आणि मी परत आले असते. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, “तुमी केलं हुतं व्हय.” आणि पुढे, “तो आला हुता की. तुमचा सिराज.”

मी विचारलं, “कधी?”

म्हणाले, “कामावरनं काढलं त्याच्या पुढल्या आठवड्यात. लुनावर. त्या पानांची दुरुस्ती छापून आणली हुती, खाली माफी. सोळाच्या सोळा घरी देत हिंडत हुता. सोलापूरच्या पाव्हण्यांकडंबी जातो म्हनला, आनि गेला. त्यांनी काय ऐकलं न्हाई, त्यो भाग येगळा.” मग त्यांनी धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं. “म्या त्याला लई बोललो. जातीवरनं बोललो. पानीसुदिक इचारलं न्हाई. लुना बंद पडली हुती, तर ढकलत गेला.”

हेमा आतून बाहेर आली होती. तिथल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करते, लग्न केलं नाही. मला बघून चेहऱ्यावर काही आलं नाही. म्हणाली, “आबांनी त्यांना विचारलं होतं, कुणाच्या हातून झालं. ते म्हणाले, आमच्या दुकानात झालं, म्हणजे माझ्याच हातून झालं असं धरा. तुमचं नाव घेतलं नाही.”

सहा वर्षं मी समजत होते की तुम्ही पुराव्याअभावी गप्प राहिलात. माझं नाव सांगायला तुम्हाला सोळा घरं मिळाली होती. त्यातल्या प्रत्येक घरातल्यांना माझ्या सासऱ्यांचा पत्ता ठाऊक होता. मी साखरपुड्याचं पातळ निवडत होते तेव्हा तुम्ही कुणाच्या तरी दारात माझ्यासाठी शिव्या खात होतात. ओसरीच्या खांबाला धरून मी रडले. हेमाने रडू दिलं, समजूत घातली नाही.

मी तिला म्हणाले, माझ्यामुळे तुझं लग्न मोडलं.

ती म्हणाली, “मोडलं ते बरंच झालं असं मी म्हणणार नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून तर नाहीच. तेव्हा मला तो मुलगा आवडला होता.” मग तिने विचारलं, “त्यांना सांगितलंत का हे सगळं?”

“पत्रं लिहिलीत. चार.”

“राहतात कुठं ते?”

“पुण्यातच, विश्रांतवाडीला.”

“आणि तुम्ही?”

“कोथरूडला.”

हेमा म्हणाली, “इथं लोणीला दोन बस करून आलात, आणि विश्रांतवाडीला काय टपालच जातं होय?”

मी पिशवी उचलून निघाले. उत्तर परतीच्या बसमध्ये शोधावं लागलं नाही, ते मला आधीपासून माहीत होतं. पत्रात मी हवं तेवढंच सांगू शकत होते. पहिल्यात ताप, दुसऱ्यात थोडं, तिसऱ्यात आणखी थोडं. दर वेळी पाकीट चिकटवलं की मला हलकं वाटायचं, आणि तुमचा चेहरा बघावा लागायचा नाही. तुमचं दोन ओळींचं कार्ड आलं तेव्हा आणखी पत्र यायला नको, असं मला आतून वाटलं होतं.

हे पाचवं पेटीत टाकत नाही. उद्या रविवार. दहाच्या सुमारास तुमच्या दुकानावर येते, हे हातात घेऊन. एकांत मागणार नाही. झेरॉक्सला माणसं उभी असली तर असू द्या. जे खोटं बोलले ते दुकानभर माणसांसमोर बोलले, तर खरंही तसंच बोलायला पाहिजे. तुम्ही ऐकून घ्यायलाच हवं असं नाही. हाकललंत तर पायरीवरून बोलेन आणि जाईन.

दीपमाला